शहाजोग हुंडी आणि परतीचा पत्ता

'शहाजोग' हा शब्द आपण आता टोमणा मारायलाच वापरतो. शहाजोगपणे बोलला, म्हणजे साळसूदपणाचा आव आणून बोलला. पण मंडळी, हा शब्द मूळचा पेढीवरचा. हुंडी शहाजोग असली, की पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच द्यायचे. कोणीही कागद घेऊन आला म्हणून थैली मोकळी करायची नाही. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्या शहाने पैसे उचलले त्यानेच ते परत भरायचे. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला, आणि देखनहार हुंडीचे, जो दाखवील त्याला. म्हणजे कागद खरा असून भागत नव्हते, तो कोणाच्या हातात पडला हेही बघावे लागे.

नोटेचे तसे नाही. बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवर आली. त्या सहीच्या वर वचन असे ते 'धारकाला' पैसे देण्याचे. धारक कोण, कुठला, हे नोट विचारत नाही. हरवली की गेली, सापडली त्याची झाली.

हे सगळे आठवले ते भाच्यामुळे. तो रोह्याला असतो, आणि पेणच्या एका गणपतीच्या कारखान्याला संकेतस्थळ करून देतो आहे. गिऱ्हाइकाने नवा पासवर्ड काढायला नको, 'गूगलने प्रवेश करा' हे बटण दाबले की झाले. मी विचारले, "अरे, पण गूगल तुला त्यांचा पासवर्ड देते की काय?" तो हसला. "नाही हो मामा. गिऱ्हाईक पासवर्ड गूगललाच सांगते. गूगल मला फक्त एक चिठ्ठी पाठवते."

या चिठ्ठीच्या पद्धतीचे नाव ओ-ऑथ. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर २००७ मध्ये आली. त्याआधी एखाद्या संकेतस्थळाला तुमचा दुसरीकडचा पत्ताकोश हवा असला, तर ते सरळ तुमचा पासवर्डच मागायचे! घराची किल्लीच देण्याचा प्रकार. चिठ्ठी आली आणि ते टळले. पण नवा प्रश्न उभा राहिला: चिठ्ठी पाठवायची कुठे?

एप्रिल २००९ मध्ये या पद्धतीतले भोक उघड झाले. लबाड माणूस व्यवहार स्वतः सुरू करी आणि मधलाच दुवा दुसऱ्याला पाठवी. तो बिचारा विश्वासाने 'मान्य' म्हणे, आणि मान्यतेचा लाभ लबाडाला मिळे. शिवाय परतीचा पत्ता मध्येच बदलता येत होता. जूनमध्ये सुधारित आवृत्ती आली. परतीचा पत्ता आरंभीच सांगायचा, आणि मान्यता मिळाल्यावर एक खुणेचा आकडा त्याच पत्त्यावर जायचा. तो आकडा दाखवल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिच्यातल्या टोकनाचे नाव 'बेअरर टोकन'. बेअरर म्हणजे धारक! चिंतामणरावांच्या नोटेचाच नियम, ज्याच्या हाती त्याचे. परतीच्या पत्त्यावर कधी हे टोकनच थेट येते, कधी ते सोडवून घेण्याची चिठ्ठी येते. म्हणून पत्ता आधी नोंदवायचा. पण पत्ता जुळवताना कित्येक ठिकाणी ढिलाई चाले. सुरुवात जुळली की पुरे, पुढे काहीही असो. 'पेण' एवढे वाचून पत्र कोणत्याही आळीत टाकावे तसे. त्यातून चोऱ्यांना वाव मिळाला. अखेर जानेवारी २०२५ च्या सुरक्षा-नियमांनी ठरवले, की पत्ता अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. (सवलत एकच, स्वतःच्याच यंत्रावर चालणाऱ्या अ‍ॅपला पोर्टचा आकडा बदलता येतो.)

मी भाच्याला म्हटले, "तुझे नोंदवलेले पत्ते वाच बघू." तीन निघाले. एक चालू संकेतस्थळाचा. एक चाचणीसाठी त्याच्याच संगणकावरचा. आणि तिसरा गेल्या वर्षीच्या जुन्या नावाचा, ज्याचे पैसे भरायचे राहून ते नाव सुटले होते.

"मग ते नाव आता कोणाचे?"

तो गप्प झाला. ते कोणीही विकत घेऊ शकला असता, आणि तरीही गूगलच्या लेखी तो पत्ता विश्वासाचाच राहिला असता. मूर्ती मागवणाऱ्याचे नाव आणि ई-मेल तिकडे गेले असते. संकेतस्थळ गाफील असते तर त्याच्या नावाने आतही शिरता आले असते. त्यात परदेशी राहणारी आपलीच मंडळी, त्यांचे पत्ते, फोन. कारखानदाराची सगळी पत त्यावर. मूर्ती वेळेवर पोचली नाही तर लोक एकदा रागावतात. पत्ते चोरीला गेले तर पुढल्या वर्षी येतच नाहीत.

भाच्याने तिसरी ओळ तिथेच पुसली. चाचणीचा पत्ताही वेगळ्या नोंदणीत हलवला. म्हणाला, "मामा, तुम्हाला हे कसे सुचले?"

मला संगणकातले फारसे कळत नाही. पण पेढीवरचा मुनीम हेच करत असणार. ज्याची पत संपली, त्याचे नाव शहांच्या यादीतून काढायचे. यादी करण्याइतकेच ती वेळोवेळी वाचणे महत्त्वाचे.

असो. तुमच्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे असली कामे करतात, त्यांना एवढे जरूर विचारा, जुने पत्ते पुसलेत ना?