किल्लारीच्या रात्री म्हातारी माणसं कुठे झोपली होती?



भूकंपावर बोलायचं म्हटलं की आपण लगेच रिश्टरवर जातो. किती तीव्रतेचा होता, केंद्र कुठे होतं, किती खोल होतं. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण आज मला एका फार साध्या, घरगुती वाटणाऱ्या प्रश्नावर बोलायचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा घरातली म्हातारी माणसं कुठे झोपली होती? आणि जी वाचली, ती पुढे कुठे राहिली?

आपण 'किल्लारीचा भूकंप' म्हणतो. किल्लारी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. पण तेरणेच्या अलीकडे-पलीकडे, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावंही तितकीच भुईसपाट झाली. नावात ती आली नाहीत, एवढंच. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आता लोहारा तालुक्यात आहे. दोन्ही जिल्हे मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि गाढ झोपले. एक-दोन दिवसांत पितृपक्ष लागणार होता. आणखी एक योग सांगतो. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिकांचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ठरवला आणि १९९१पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. म्हणजे भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी तो होता. त्या दिवशी आपल्याकडे वरून पाऊस पडत होता, खाली ढिगारे उपसणं चाललं होतं आणि सामुदायिक चिता रचल्या जात होत्या.

आता घराकडे येऊ. कारण भूकंपानं माणूस मरत नाही, घरानं मरतो. आपल्याकडचा वाडा कसा होता? दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती. आतून एक दगडांचा थर, बाहेरून एक थर, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. आत लाकडी खांब, तुळया, असे खण पाडलेले. वर माळवद. माळवदावर पांढरी माती. दर पावसाळ्याच्या आधी वर थोडी नवी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. बापानं टाकली, आज्यानं टाकली, जुनी कुणी काढली नाही. डोक्यावर फूट-दोन फूट मातीचा बोजा साठला. उन्हाळ्यात घर गार, हिवाळ्यात ऊबदार. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं घर कोणतं?

इंजिनिअर लोक नंतर आले तेव्हा त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच होता, भिंती मात्र कोसळल्या होत्या. माणसं दगडांखाली गेली. आणि गावाच्या कडेला, कुडाच्या किंवा पत्र्याच्या खोपटात राहणारी गरीब माणसं त्या मानानं वाचली. हलकं घर होतं म्हणून.

वाड्यात म्हाताऱ्या पुरुषाची जागा साधारण ढेळजेत किंवा ओसरीवर. म्हातारीची माजघरात, नातवंडांच्या शेजारी. तरुण गडी रात्री कुठेही पडायचा. देवळात, पारावर, शेतात. त्या रात्री बाहेर झोपलेले अनेक जण वाचले. घराची राखण म्हणून ढेळजेत जो झोपला, तो सगळ्यात जाड भिंतीच्या कुशीत झोपला होता. आमच्या पिढीनं ढेळजेकडे मानाची जागा म्हणून पाहिलं. तशी ती होतीही.

बरं, धक्के काही अचानक आले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबरात, किल्लारीच्या परिसरात बरेच धक्के बसले होते. लोक घाबरले, बाहेर झोपले. पण भूकंपप्रवणतेच्या सरकारी नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार, काळा कातळ, इथे काय होणार, असा समज. (तो पट्टा २००२मध्ये नकाशातूनच काढून टाकला आणि आपला भाग वरच्या श्रेणीत गेला.) महिनोनमहिने उघड्यावर कोण झोपणार? थंडी पडली, माणसं आत गेली. दम्याच्या म्हातारीनं आत जाऊ नये तर करावं काय? पूर्वसूचना मिळूनही उपयोग का होत नाही, याचं उत्तर मला इथे सापडतं. सूचना पाळण्यासाठी जे लागतं ते त्या घरात नव्हतं. हलकं छप्पर नव्हतं, बाहेर झोपायला आडोसा नव्हता.

मदत प्रचंड आली. त्यात मुलांसाठी झालेलं काम आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी 'आपलं घर' उभं केलं. भारतीय जैन संघटनेनं शेकडो मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ही मुलं पुढे शिकली, मार्गी लागली. मोलाचं काम.

पण भाषेची एक गंमत बघा. गंमत कसली म्हणा. आई-बाप गेलेल्या मुलाला आपण अनाथ म्हणतो. मुलगा, सून, नातवंडं सगळी एका रात्रीत गेली आणि सत्तरीचा म्हातारा तेवढा उरला, तर त्याला काय म्हणायचं? निपुत्रिक म्हणावं तर त्याला पुत्र होते. विधुर म्हणावं तर तो वेगळा शोक. त्याच्यासाठी शब्द नाही. सरकारी कागदात एक शब्द आहे, 'निराधार'. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासून आहे. म्हणजे रकाना होता. रकान्याकडे मी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

पुनर्वसनात बावन्न गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवायचं ठरलं. त्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातल्या देणगीदार संस्था आल्या. घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला अडीचशे चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत चारशे, त्याच्या वर साडेसातशे. नवी घरं मजबूत झाली. जुन्या गावात परत जायला लोक स्वतःच तयार नव्हते, पायच धजत नव्हते. तेव्हा 'गावं उठवली हेच चुकलं' असं मी म्हणणार नाही.

मला फक्त गावठाणाचा नकाशा बघा असं म्हणायचं आहे. जुनं गाव म्हणजे बोळ, बोळाला लागून भावकी, चार पावलांवर देऊळ, पार. दृष्टी अधू झालेला माणूस भिंतीला हात लावत सकाळी पारावर येऊन बसे. तो नाही आला तर दहा वाजेपर्यंत कुणीतरी विचारे, "तात्या कुठं हायेत?" नवीन गाव काटकोनात आखलेलं. रुंद रस्ते, सुटी घरं, आणि पसारा जुन्या गावाच्या कितीतरी पट. बऱ्याच घरांना ओसरी नाही, ढेळजेचा तर प्रश्नच नाही. माणूस खोलीत तरी नाहीतर रस्त्यावर तरी. मधली जागाच गेली. पुढे लोकांनी आपापल्या पैशानं दारापुढे पत्र्याची पडवी काढली. त्या पडवीत आज कोण बसलेलं दिसतं, हे तुम्ही कधी त्या भागात गेलात तर पाहा.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. १९९५च्या जानेवारीत जपानमध्ये कोबेला भूकंप झाला. तिथेही पहाटच, पावणेसहाच्या सुमारास. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे होते. जुनी लाकडी घरं, वर जड कौलं. मग जपानी प्रशासनानं अगदी सद्भावनेनं काय केलं? तात्पुरती घरं देताना वृद्धांना प्राधान्य दिलं, आणि वाटप सोडत काढून केलं. म्हातारी माणसं आधी घरात गेली खरी, पण शेजार तुटला. कुणी कुठे, कुणी कुठे. त्या वसाहतींत माणसं एकटी मरू लागली, आणि कळायला दिवस जात. असे दोनशेहून जास्त मृत्यू नोंदले गेले. त्यांनी त्यातून धडा घेतला. २००४ला निगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी नावाचं डोंगरातलं गाव वाडीवार, शेजाऱ्यांसकट हलवलं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक गोष्ट झाली, ती फारशी सांगितली जात नाही. जी गावं उठवली नाहीत, तिथे जुनी घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं गावोगाव बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. काम काय? घरमालकाला समजावायचं. माळवदावरची माती कमी करा. भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर सुटणार नाही. खांब-तुळईच्या कोनात तिरका आधार द्या. घरोघर जायचं तर घरात दिवसा कोण भेटणार? म्हातारी माणसं! साठ वर्षं ज्यानं माळवदावर माती चढवली त्याला ती उतरवायला सांगायची, हे सोपं काम नव्हे. मला वाटतं आपत्तीच्या तयारीचं खरं शिक्षण ते होतं. कुणी फलक लावून केलेलं नाही, ओसरीवर बसून, चहा पिऊन केलेलं.

आता अलीकडे येतो. २०२५च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात पावसानं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. ज्या जिल्ह्यानं टँकरची वाट बघत उन्हाळे काढले, तिथे घरांच्या छतावरून माणसं काढावी लागली. परंडा तालुक्यात वडनेरला एक कुटुंब रात्रीपासून छतावर अडकलं होतं. त्यात आजी होती आणि लहानगा नातू होता. बचाव पथकाबरोबर खासदार ओमप्रकाश राजेनिंबाळकर पाण्यात उतरले, ती चित्रफीत सगळीकडे फिरली. मी ती पाहिली तेव्हा मनात आलं, आजी छतावर पोचली कशी? कुणीतरी तिला वर घेतलं असणार. ज्या घरात वर घेणारं कुणी नाही तिथे काय?

आणि अशी घरं वाढतायत. पोरं पुण्याला. भूम, वाशी, कळंबकडची कितीतरी जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावात राहतात म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. जोडपी गेल्यावर, जानेवारीच्या एखाद्या पहाटे जमीन हलली तर ढिगारा उपसायला कोण असणार आहे? १९९३ला ज्या पस्तिशीच्या माणसानं स्वतःच्या हातानं दगड काढले, तो आज सत्तरीच्या घरात आहे. पडवीत बसलेला तोच.

इशारे आता मोबाइलवर येतात. वीज पडणार, नदी वाढणार. चांगलंच आहे. पण आजीच्या हातात असतो बटणांचा फोन, नाहीतर तोही नातवाकडे. दवंडी बंद झाली, देवळावरचा भोंगा आहे, तोही लाईट गेली की मुका.

म्हणून मी त्या रकान्याकडे परत येतो. प्रत्येक तहसील कचेरीत निराधारांची आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची यादी आहे. गावनिहाय आहे, दर महिन्याला तिच्यावरून पैसे जातात. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे कुणाचा अंगठा उमटत नाही, हेसुद्धा गावात माहीत असतं. कुणाला चालता येत नाही, कुणाला रक्तदाबाची गोळी लागते, हे आशाताईला पाठ असतं. म्हणजे माहिती आहे. फक्त तिचा उपयोग पैसे पाठवायला होतो, रात्री माणूस पाठवायला होत नाही. योजनेचं नाव बघा कुणावरून दिलंय. कावडीत आई-बाप घेऊन चालणाऱ्या पोरावरून! यादी आहे, कावड उचलणाऱ्याचं नाव तिच्यात नाही.

जपाननं २०१३मध्ये कायदाच बदलला. संकटात ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची यादी ठेवणं तिथल्या नगरपालिकांना बंधनकारक केलं. पुढे, प्रत्येकाला कोण आणि कसं नेणार याचाही आराखडा करा म्हणून सांगितलं. आपल्याला त्यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी होतो. ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल आणि आशाताई यांनी एका दुपारी बसून श्रावणबाळच्या यादीला दोन रकाने जोडायचे. पहिला, हा माणूस रात्री कुठे झोपतो. दुसरा, दार कोण वाजवणार. दुसऱ्यात मुलाचं नाव लिहायचं नाही, तो पुण्यात आहे. भिंतीला भिंत लागून जो राहतो त्याचं लिहायचं. आणि दिवाळीनंतर, तोडीला जोडपी गेली की यादी पुन्हा एकदा तपासायची, कारण शेजारीही गेलेला असतो.

सास्तूर, लोहारा भागातले कुणी आज इथे आले असतील तर त्यांनी आधी बोलावं. त्यांचे प्रश्न आधी घेऊ, मग बाकीच्यांचे.