“तुला काय कळतंय?”

लेकरू काही सांगायला आलं की आपण पटकन म्हणतो, “गप्प बस, तुला काय कळतंय?” आजची गोष्ट त्याच प्रश्नाची.

१९५९ चा ब्रिटिश सिनेमा आहे, ‘टायगर बे’. कार्डिफच्या बंदरातली छोटी गिली टपालाच्या फटीतून खून बघते, पण खुनी खलाशाशी दोस्ती होते आणि ती पोलिसांना थापा मारत राहते. मग लेकराच्या साक्षीवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याने साक्षीदाराला वयाची अटच घातली नव्हती. प्रश्न समजतो का, उत्तर नीट देता येतं का, एवढं न्यायाधीश तपासतात. कुणी पढवून तर आणलं नाही ना, हेही बघतात.

२६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर छोट्या देविका रोटावनच्या पायाला गोळी लागली. जून २००९ मध्ये ती कुबड्या घेऊन मुंबईतल्या विशेष न्यायालयात आली आणि तिने कसाबला ओळखलं.

“तुला काय कळतंय?” आपण हे लेकराला गप्प करायला विचारतो. न्यायाधीश विचारतात, ते त्याचं ऐकून घ्यायला.