राजसत्तेच्या दारीं



इसवी सन ४११ च्या जून महिन्यांत कार्थेज शहरीं ख्रिस्ती बिशपांची एक विलक्षण परिषद भरली. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिसजवळचें प्राचीन नगर. रोमन आफ्रिकेची ती राजधानी होती. दोन पक्षांचे मिळून साडेपांचशेंहून अधिक बिशप तेथें नोंदले गेले. सम्राट होनोरियस यानें अध्यक्ष म्हणून नेमलेला मार्सेलिनस हा अधिकारी सर्वांस बसण्याची विनंति करीत होता. पण एका पक्षानें ती मानली नाहीं. दुर्जनांच्या बैठकींत बसूं नये असें शास्त्र सांगतें, असें म्हणून ते उभेच राहिले. लघुलेखक शब्दन् शब्द टिपून घेत होते. त्यामुळें ह्या वादाचा वृत्तान्त बराचसा आपल्यापर्यंत पोंचला आहे.

उभा राहिलेला पक्ष डोनाटसच्या अनुयायांचा. त्यांचा प्रतिपक्ष स्वतःस कॅथोलिक, म्हणजे सार्वत्रिक, म्हणवी. दोघांचें बायबल एक, उपासना एक, श्रद्धाहि एकच. मग भांडण कशाचें? त्याचें मूळ शंभर वर्षें मागें जातें. ३०३ सालीं सम्राट डायोक्लीशियन यानें ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम सोडला. कित्येकांनीं ग्रंथ न देतां मरण पत्करलें. कित्येकांनीं ते मुकाट्यानें हवालीं केले. आणि कार्थेजच्या मेन्सुरियस नांवाच्या बिशपानें पाखंड्यांचीं पुस्तकें पुढें करून वेळ मारून नेली, अशी हकीकत आहे. मला हा गृहस्थ मोठा चतुर वाटतो. त्याच्या काळच्या कडव्या मंडळींस मात्र तें चातुर्य मुळींच रुचलें नाहीं. त्याच्या मागून सेसिलियन बिशप झाला, तेव्हां विरोधक म्हणूं लागले कीं, त्याला दीक्षा देणाऱ्या फेलिक्सनें ग्रंथ हवालीं केले होते. सबब ती दीक्षा खोटी, आणि सेसिलियनच्या हातून होणारा प्रत्येक संस्कारहि खोटा. मंडळी असावी तर निष्कलंक असावी, नाहीं तर ती ख्रिस्ताची मंडळीच नव्हे. अशा विचारसरणींत तिसऱ्या गोष्टीस जागा उरत नाहीं.

ह्या निष्कलंकपणाच्या पाठीशीं लूसिला नांवाच्या एका धनाढ्य बाईचा पैसा होता. हुतात्म्याची म्हणून जवळ बाळगलेल्या एका अस्थीचें ती पवित्र प्रसाद घेण्यापूर्वीं चुंबन घेई. सेसिलियननें एकदां त्याबद्दल तिची कानउघाडणी केली. तो अपमान ती विसरली नाहीं. तिच्या पैशाची वांटणी बिशपांत कशी झाली, तें ३२० सालच्या एका सरकारी चौकशींत बाहेर आलें.

दरम्यान ३१२ सालीं कॉन्स्टंटाइननें रोम जिंकलें आणि काल छळणारी राजसत्ता आज देणग्या देऊं लागली. सेसिलियनच्या मंडळीस त्यानें रोकड पाठविली व तिच्या धर्मगुरूंस सरकारी कामांतून सूट दिली. आतां सम्राटाकडे दाद मागण्यास प्रथम कोण गेलें? डोनाटसचाच पक्ष! ३१३ सालीं रोमला आणि ३१४ सालीं आर्ल येथें निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. फेलिक्स चौकशींत निर्दोष ठरला. ३१६ सालीं खुद्द सम्राटानेंहि सेसिलियनचीच बाजू उचलून धरली. मग बळजबरी झाली, रक्त सांडलें, आणि ३२१ सालीं कॉन्स्टंटाइननें कंटाळून तो नाद सोडला.

पुढें ३४७ च्या सुमारास सम्राट कॉन्स्टन्सचे दोन अधिकारी दानधर्माचा पैसा घेऊन आफ्रिकेंत उतरले. तेव्हां सम्राटाचा मंडळीच्या कारभाराशीं संबंधच काय, असा सवाल डोनाटसनें केल्याचें प्रतिपक्षाच्याच ऑप्टेटसनें लिहून ठेवलें आहे. सवाल तेजस्वी आहे. राजाचें दान फुकट नसतें हें डोनाटसनें ओळखलें, आणि हद्दपारींत मरून त्याची किंमत दिली. परंतु त्याच्या अनुयायांची अशी खात्री झाली कीं, प्रश्न आपण विचारला त्या अर्थीं आपण सत्तेपासून अलिप्तच आहोंत. ज्यूलियन हा ख्रिस्ती धर्म सोडलेला पुरुष ३६१ सालीं गादीवर येतांच त्याच्याकडे अर्ज करून त्यांनीं आपलीं प्रार्थनामंदिरें परत मिळविलीं. त्यांच्या थामुगाडीच्या बिशपानें तर गिल्डो ह्या सेनापतीशीं इतकें सूत जमविलें कीं, ३९८ सालीं गिल्डोचें बंड मोडल्यावर त्यालाहि कारागृहांत मरण आलें. त्याच पक्षाच्या छायेंत सोटे घेऊन हिंडणारे खेडुत सावकारांस धाक घालीत, आणि रथांतल्या धन्यास खालीं ओढून त्याच्या जागीं गुलामास बसवीत, अशी प्रतिपक्षाची तक्रार होती.

आतां प्रतिपक्षाकडे पाहूं. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन हा त्याचा मेरुमणि. श्रद्धा जबरदस्तीनें येत नाहीं, असें त्याचें आरंभींचें मत होतें. पण कायद्याचा बडगा दिसतांच गांवेंच्या गांवें आपल्या मंडळींत येतात, हें पाहून त्याचें मन पालटलें. ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या एका दीर्घ पत्रांत त्यानें तें मोकळेपणानें सांगितलें आहे. अपराध्यांस देहान्त शिक्षा होऊं नये म्हणून तो शेवटपर्यंत रदबदली करीत राहिला, हेंहि सांगितलें पाहिजे. तरीहि इतका सूक्ष्म बुद्धीचा पुरुष येथें फसला, असें माझें मत आहे. भीतीनें आलेलीं माणसें मोजतां येतात. त्यांचीं मनें कोणी मोजावीं? गहूं आणि निदण कापणीपर्यंत एकाच शेतांत वाढणार, हें तर त्याचेंच आवडतें प्रतिपादन होतें.

ह्या प्रतिपादनाला बळकटी देणारा एक विचारवंत डोनाटसच्या पक्षांतच होऊन गेला होता. त्याचें नांव टायकोनियस. ख्रिस्ताच्या देहाला उजवी बाजू आहे तशी डावीहि आहे, आणि मंडळी आफ्रिकेपुरती नसून जगभर पसरलेली आहे, असें तो शिकवी. ३८० च्या सुमारास त्याच्याच पक्षाच्या परिषदेनें त्याला दोषी ठरविलें. पण तो पक्ष सोडून पलीकडे गेला नाहीं. ऑगस्टिननें त्याचे ग्रंथार्थाचे सात नियम आपल्या पुस्तकांत आदरानें घेतले, आणि इतकें कळूनहि हा आमच्याकडे आला कसा नाहीं, म्हणून नवल केलें. दोन्ही तटांच्या बाहेर उभें राहतां येतें, ही कल्पना ऑगस्टिनलाहि सुचूं नये!

४११ च्या परिषदेचा निकाल कॅथोलिकांच्या बाजूनें लागला. ३० जानेवारी ४१२ रोजीं होनोरियसनें कायदा केला. डोनाटसचा पंथ न सोडणाऱ्यांस दर्जाप्रमाणें दंड: सर्वोच्च श्रेणीच्या सरदारास ५० पौंड सोनें, व्यापाऱ्यास ५ पौंड, जमिनीशीं बांधलेल्या कुळांस फटके. अशा रीतीनें कुळांचा धर्म ठरविण्याचें काम जमीनदारांच्या हातीं गेलें. विजयी पक्षाला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, दुसऱ्या एका बंडाच्या संशयावरून, मार्सेलिनसचा शिरच्छेद झाला. तो ऑगस्टिनचा जिवलग स्नेही. त्याच्यासाठीं केलेली रदबदली दरबारीं चालली नाहीं.

४३० सालीं व्हँडल सैन्याचा हिप्पोस वेढा पडला असतां ऑगस्टिन वारला, आणि ४३९ सालीं कार्थेज पडलें. व्हँडल राजे एरियसच्या पंथाचे ख्रिस्ती होते. ४८४ च्या फेब्रुवारींत राजा ह्यूनेरिक यानें कॅथोलिक बिशपांस वादासाठीं कार्थेजला बोलाविलें, आणि त्याच महिन्यांत हुकूम काढला. त्यासाठीं त्याला नवा मसुदा शोधावा लागला नाहीं. होनोरियसचे जुने कायदे त्यानें उघडले आणि डोनाटसपंथीयांच्या जागीं कॅथोलिकांस घातलें. दंडाचे आंकडेहि तेथूनच उचलले: सर्वोच्च श्रेणीच्या माणसास ५० पौंड सोनें.