अटीवरचा प्रवेश



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांनी मुलींना विज्ञान घ्या, असे सांगण्यात हयात घालविली. माझ्यापुरता तो उपदेश फळास आला नाही, आणि त्याला कारण एक कागद. साल १९६८. इंदूरच्याच एका महाविद्यालयाच्या व्हरांड्यात बी.एस्सी.च्या प्रवेशाची यादी लागली होती. तिच्याखाली, आपल्या इकडच्या रीतीप्रमाणे हिंदीत, ‘प्रतीक्षा सूची’ असा मथळा होता आणि त्यात माझे नाव सातवे होते. पंधरा दिवस वडिलांच्या सायकलवर मागे बसून मी तो कागद पाहून येत असे. यादी पाचव्या नावापर्यंत सरकली आणि थांबली. मी कला शाखेत गेले, मराठी घेतले, आणि त्या विषयाने मला जन्मभर सांभाळले. (मराठीच्या वर्गाला प्रतीक्षा यादी लावण्याचा प्रसंग माझ्या अडतीस वर्षांच्या अध्यापनात एकदाही आला नाही, हेही सांगून टाकते.)

यादीत ताटकळणे ही आपल्या शिक्षणातील मूळची गोष्ट नव्हे. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. तिला १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. गाळणी होती ती परीक्षेत. इतिहासाच्या किंवा काव्याच्या वर्गात बाकावर सरकून आणखी एकाला जागा करता येते; प्रयोगशाळेत तसे होत नाही. तेथे मेजे मोजकी, नळ मोजके, तराजू मोजके. जागा मोजणे हे विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी यांनी आणले, आणि मोजलेल्या जागा संपल्यावर उरलेल्यांची यादी त्यामागून आली. ते अन्यायाचे आहे, असे मी म्हणत नाही. सातव्या नावाला निदान आपण सातवे आहोत, हे कळते. त्या यादीतही ज्यांना क्रमांक मिळत नसे, अशांपैकी एकीची हकीकत आज मला सांगावयाची आहे, आणि ती आपल्या इंदूरचीच आहे.

दुर्गाबाई भागवतांचा जन्म इंदूरचा, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, पुढच्या डॉ. कमला सोहोनी, याही इंदूरलाच जन्मल्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मराठीची अध्यापिका असल्याने मीही थोरल्या बहिणीकडूनच धाकटीकडे गेले. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. आपणही तेथेच जायचे, हे मुलीच्या मनात लहानपणापासून. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला.

त्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन त्या संस्थेचे संचालक झाले होते. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक, आणि नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झालेली. त्यांनी अर्ज नाकारला. गुणांचा प्रश्नच नव्हता. मुलगी आहे, एवढेच कारण. रामन यांच्या भौतिकशास्त्रापुढे मी हात जोडते, पण त्यांचा हा निर्णय कोत्या मनाचा होता, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही. ‘तो काळच तसा होता’ ही सबब येथे लागू पडत नाही. मुंबईच्या महाविद्यालयांत त्याच काळी मुली रसायनशास्त्र शिकत होत्या, नव्हे, पहिल्या येत होत्या.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. दांडीला तीन वर्षे झाली होती आणि सत्याग्रह हा शब्द घरोघर पोचला होता. प्रवेश मिळेपर्यंत आपण येथून हलणार नाही, असे सांगून त्यांनी तो मार्ग थेट संचालकांच्या दाराशी धरला. रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष त्या रीतसर विद्यार्थिनी गणल्या जाणार नाहीत. ते वर्ष परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरासुद्धा, काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये. ही तिसरी अट वाचताना मी दर वेळी थांबते. दुसऱ्याचे चित्त स्थिर ठेवण्याची जबाबदारी प्रवेश मागणाऱ्यावर टाकणारी अट आपल्या कोणत्याही प्रवेशपत्रिकेत मला आढळलेली नाही.

त्यांनी अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. गरिबाच्या ताटाशी संबंध असलेला हा विषय. वर्ष सरले आणि रामन यांनी त्यांना रीतसर विद्यार्थिनी करून घेतले. त्यानंतर इतर मुलींसाठीही दार उघडले. १९३६ मध्ये कमलाबाईंना एम.एस्सी. मिळाली.

पुढे शिष्यवृत्ती मिळून त्या केंब्रिजला फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तेथे अडचण स्त्री असण्याची नव्हती, मेजाची होती. डेरिक रिख्टर नावाच्या संशोधकाने आपले मेज दिवसा त्यांना दिले आणि स्वतः त्यावर रात्री काम करू लागले. बंगळूरला रात्रीचे काम ही तिला घातलेली अट होती. येथे रात्र दुसऱ्याने आपल्याकडे घेतली. प्रवेशाच्या साऱ्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी मोठी गोष्ट मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे. रिख्टर निघून गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखविले. प्रबंध अवघा चाळीस पानांचा, काम चौदा महिन्यांचे, आणि पीएच.डी. १९३९ मध्ये. माझा स्वतःचा प्रबंध चारशे वीस पानांचा आहे आणि त्याला सहा वर्षे लागली, असो.

तरीही केंब्रिजचे सर्व दार उघडे नव्हतेच. स्त्रियांना पदवीचे नाव मिळे, पण विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व तेथे १९४८ मध्ये मिळाले. म्हणजे ज्यांना डॉक्टर म्हणावयाचे, त्यांची विद्यापीठाच्या कारभारातील जागा आणखी नऊ वर्षे प्रतीक्षेतच होती.

बंगळूरला उघडलेल्या दाराने किती जणी आत गेल्या, त्याबरोबर आत गेलेल्यांचे काय झाले, हेही पाहावे लागते. १९४० मध्ये ॲना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणिक यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्यांच्याजवळ एम.एस्सी. नाही, या कारणावरून पीएच.डी. नाकारली गेली. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाच्या उपकरणांचे शास्त्र शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. आपल्या देशात पाऊस, वारा आणि ऊन मोजणारी कितीतरी उपकरणे त्यांच्या देखरेखीखाली घडली. तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात, इतर प्रबंधांच्या शेजारी, बांधून ठेवलेला आहे.