आळंदी ते केडगाव

इंद्रायणीकाठच्या आळंदीत पाऊल टाकले की संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली चार भावंडे आठवतात. त्यांतील ज्ञानदेवांनी १२९६ साली तेथेच समाधी घेतली. ज्या जगाने नाकारले, त्याच जगाचे त्यांनी भले मागितले. सहा शतकांनी याच पुणे जिल्ह्यात, केडगावी, नाकारलेल्यांची आणखी एक कथा घडली.

पंडिता रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात गेली. १८८२ साली पती निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा उरली. विधवेला समाजात मान नव्हता. इंग्लंडमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचताना, विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी आदराने बोलणारा ख्रिस्त त्यांना भेटला. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही श्रद्धा केवळ सांत्वनापुरती राहिली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुलींना आश्रय दिला. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुली लिहूवाचू लागल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेले मराठी बायबल याच हातांनी छापले. ज्यांना कोणी दारात उभे केले नव्हते, त्यांनी देवाचे वचन घरोघर पोहोचविले.

रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. तरी १९२२ साली मिटलेले ते जीवन आपल्यालाही सांगते: माणसाची किंमत जग ठरवीत नाही. देवाने ती आधीच ठरविली आहे.