खरखरीचं कूळ

लोणावळ्यातल्या वर्षभर कुलूपबंद बंगल्यांमधून जुन्या रेकॉर्डी बाहेर निघतात, तेव्हा त्यांच्यावर पावसाळ्याची बुरशी असतेच. ती धुतली की जाते. धुऊनही जी उरते ती खरखर मात्र बहुधा कारखान्यातून आलेली असते.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची म्हणतात, पण तिच्यात लाख निम्म्याहून कमीच. पळस-कुसुमाच्या झाडांवर किड्यांनी केलेली ही लाख बांधणीपुरती. बाकी मुख्यतः दगडाची पूड आणि काजळी. पूड घातली ती केवळ काटकसर म्हणून नव्हे. जड साउंडबॉक्सखालची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाची व्हावी, यासाठी तबकडी कानशीसारखी खरबरीत ठेवावी लागे. दर बाजूला पिन बदला, हा दंडक त्यातूनच आला. एकूण काय, ही खरखर मुद्दाम पोसलेली होती. १९२३च्या सुमारास कोलंबिया कंपनीने जाड्याभरड्या गाभ्यावर बारीक लाखेचा थर चढवून ती पुष्कळ कमी केली, पण हा खर्चिक मार्ग सगळ्यांनी धरला नाही.

आपल्याकडे १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदहला तबकड्या छापल्या जाऊ लागल्या, नंतर डमडमला. मुंबईत वडाळ्याला १९३५पासून ‘यंग इंडिया’च्या तबकड्या निघत. बीटल्सची गाणीसुद्धा डमडमच्या कारखान्याने १९६०च्या दशकात ७८वर काढली, कारण चावीच्या फोनोला वीज लागत नाही. विजेची तऱ्हा लोणावळ्याभोवतीच्या मावळाने जवळून पाहिली आहे. लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीज केली, ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. डोंगरातल्या वाड्या चावीच फिरवत राहिल्या.

व्हिनाइल रुळलं ते १९४८च्या एलपीबरोबर. त्यात दगडाची पूड नाही, म्हणून पृष्ठभाग जवळजवळ मुका. मग एलपी का खरखरते? इथे दोष मालाइतकाच हाताचाही. मऊ केलेला व्हिनाइलचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबतात, वाफेने तापवतात आणि लगेच थंड पाण्याने निववतात. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास. उत्पादन वाढवायला घाई केली की व्हिनाइल खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि तेवढ्या जागी कापड फाटल्यासारखा आवाज येतो. साचा हजारभर छपाईनंतर झिजतो. तोच पुढे रेटला की वरच्या पट्टीतले सूर भरडतात. १९७३च्या तेलटंचाईत व्हिनाइल महागलं, तेव्हा परदेशी कारखान्यांनीही जुन्या रेकॉर्डींचा चुरा नव्या मालात मिसळला. त्यात लेबलाच्या कागदाचे कण राहिले तर ते आपलं अस्तित्व दाखवतातच.

कान दिला तर यातलं बरंच घरी ओळखता येतं. एलपीवर दर १.८ सेकंदांनी टक् आलं तर ओरखडा किंवा खड्डा. सुई दर फेरीला त्याच जागी येते. धुतल्यावरही अखंड सळसळ राहिली तर माल हलका किंवा खाच झिजलेली. कोरड्या हिवाळ्यातली अवचित चटचट बहुधा स्थिर विजेची. लोणावळ्याच्या जुलैत ती सहसा होत नाही. तिथे दमट खोक्यांवर आणि बोटांच्या तेलकट ठशांवर बुरशी धरते.

ही बुरशी काढताना एक पथ्य पाळावं. एलपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं स्पिरिट चालतं; ७८ला त्याचा थेंबही नको. फ्रेंच पॉलिशवाले लाख विरघळवायला स्पिरिटच वापरतात, आणि तबकडीतली लाख काही वेगळी नसते.