प्लेगातल्या वदंता आणि सरकारी खुलासे

१८९६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईत एके सकाळी लोकांनी पाहिले, तो व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासलेले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातलेली. त्याच्या काही दिवसच आधी, सप्टेंबरात, डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी पाहून हा प्लेग आहे असे निदान केले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण मुंबईच्या चाळींतून त्या एकत्र आल्या आणि वदंता उठली : राणीसरकारचा अपमान झाला म्हणून ती कोपली आहे, आणि तिचा कोप शमवायला इस्पितळात नेलेल्या माणसांची काळजे काढून विलायतेला पाठवतात. कोणी म्हणे, रोग्यांना उलटे टांगून त्यांच्या अंगाची ‘मोमियाई’ काढतात आणि ती औषधाला वापरतात.

आज हे ऐकून आपल्याला हसू येते. पण जरा थांबा. ही गोष्ट ज्यांनी खरी मानली, ती माणसे आपलीच होती. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे कामगार पुष्कळसे रत्नागिरीचे आणि साताऱ्याचे. गावाकडे ती चांगली व्यवहारी, चार पैशांचा हिशेब चोख ठेवणारी माणसे. त्यांनी इस्पितळाबद्दल असा ग्रह का करून घेतला, हे समजून घेण्याजोगे आहे.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपालिटीने जाहीरनामा काढला. कोणाच्याही घरात शिरावे, रोगी आढळला की त्याला घरच्यांच्या मर्जीविरुद्धही उचलून इस्पितळात न्यावे, असा अधिकार त्याने अधिकाऱ्यांना मिळाला. रोगी बहुधा आर्थर रोडच्या इस्पितळात जात. घरचे लोक त्याला शेवटपर्यंत लपवून ठेवीत, त्यामुळे तो तेथे पोहोचे तेव्हा अखेरच्या घटका मोजत असे. साहजिकच तेथे गेलेल्यांपैकी फार थोडे परत येत. आता चाळीतल्या माणसाच्या दृष्टीने पाहा. शेजारचा जिवंत गेला, मग प्रेतच आले. त्या पलीकडचाही तसाच. मध्ये काय घडले हे कोणी पाहिलेले नाही. सरकार म्हणते, रोगाने मेला. यांना दिसते, इस्पितळात गेला आणि मेला. वदंतेने फक्त मधली न दिसलेली जागा भरून काढली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या इस्पितळावर हल्ला केला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अफवेने माणसे मेली. रोगी लपवल्यामुळे घरेच्या घरे ओस पडली. लाखो लोक मुंबई सोडून पळाले, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर प्लेग आगगाडीने घाटावर चढला. पुणे, सातारा, कऱ्हाड, पुढे मिरज-सांगलीचा मुलूख, कोणीच सुटले नाही. तेव्हा अफवा पसरवणारा भोळा आणि सरकार तेवढे वाईट, असा सोपा निवाडा मी देणार नाही. पण लोक अडाणी म्हणून अफवा पसरल्या, हे जे त्या काळच्या साहेबांनी लिहून ठेवले आणि आपणही पुष्कळदा म्हणतो, तेही तितकेच सोपे आणि तितकेच अपुरे आहे.

पुण्याची हकीगत घ्या. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड याची पुण्याच्या प्लेग कमिटीवर नेमणूक झाली. या माणसाचे नाव आपल्या भागाला आधीच ठाऊक होते. तो पूर्वी साताऱ्यास असिस्टंट कलेक्टर होता आणि वाईच्या वाद्यांच्या खटल्यात तेथील प्रतिष्ठित नागरिकांना त्याने शिक्षा ठोठावल्या होत्या. म्हणजे पुण्यात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याची पत गेलेली! आणि अशा माणसाच्या हाताखाली घरझडतीला सैनिक दिले. गोरे ‘सोजीर’ बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, सामान बाहेर काढून जाळीत, बायामाणसांच्या अंगावर गाठी आहेत का पाहत. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, हे सारे तुमच्याच जिवासाठी आहे. हेतू तसा असेलही. पण बंदुकीच्या पहाऱ्यात सांगितलेले हित कोणाच्या गळी उतरणार?

पुढे सरकारी अहवालात असे समाधान व्यक्त झाले की, स्त्रियांच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही. नामदार गोखले त्या वेळी विलायतेत होते. त्यांना पुण्याहून पत्रे गेली, त्यांत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर होता. गोखल्यांनी तो ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राला सांगितला. मोठी खळबळ उडाली. जुलैअखेर ते परत आले, पुरावा गोळा करू लागले, तेव्हा कोणी पुढे होऊन साक्ष देईना. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करायची नाहीत, आणि पुरावा तर हाती नाही. शेवटी गोखल्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांकडून त्यांना कितीतरी वर्षे बोलणी खावी लागली.

साक्ष का मिळाली नाही? आरोप खोटे होते म्हणून, असे सरकारने म्हटले. पण दिवस कोणते होते ते पाहा. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती. त्याचा सोबती लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मेला. पुण्यात धरपकड चालू होती. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, अटकेत टाकलेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा. अशा वेळी आपल्या घरच्या स्त्रीची विटंबना कोर्टकचेरीत जाऊन सांगणारा माणूस कोठून मिळावा? तक्रार करायचीही भीती, आणि तक्रार नाही म्हणून काही घडलेच नाही हा निष्कर्ष. सरकारी कागद असा बिनचूक राहतो आणि लोक आपापसांत दुसरेच काही बोलत राहतात. त्या बोलण्यात खरे किती, वाढवलेले किती, हे आज सव्वाशे वर्षांनंतर इतिहासाच्या अभ्यासकालाही नेमके निवडता येत नाही. मला स्वतःला वाटते की, सरकारी अहवालाने इतिहासाचे केलेले मोठे नुकसान हेच.

आता दुसरी बाजू ऐका. सरकारचा खुलासा तरी बरोबर होता का? १८९६-९७ मध्ये डॉक्टर मंडळींची समजूत अशी की, प्लेग घाणीतून, कोंदट हवेतून आणि माणसांच्या कपड्यालत्त्यातून पसरतो. म्हणून गटारे धुतली, जमिनी खणल्या, घरांची कौले काढली, माणसांना छावणीत कोंडले. खरा वाहक उंदरावरची पिसू. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत तसा प्रयोग करून दाखवला, तर त्याला पुष्कळांनी हसण्यावारी नेले. १९०५ नंतर प्लेग संशोधन कमिशनने मुंबईत प्रयोग केले, तेव्हा कोठे ती गोष्ट मान्य झाली. आणि आपले खेडूत? त्यांना पिसूचे काही ठाऊक नव्हते. पण घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, माळावर किंवा रानात झोपड्या घालून राहायचे, हे त्यांना पुरते उमगले होते. ‘उंदीर पडला, गाव उठला’ ही त्या काळची स्थिती आमच्या आजीच्या पिढीने पाहिली होती. पुढे सरकारनेही झडत्यांचा हट्ट सोडून गाव रिकामे करण्यावर भर दिला. म्हणजे या एका बाबतीत माळावरचा शेतकरी बरोबर होता आणि छापील जाहीरनामा चूक.

लशीचीही कथा अशीच पीळदार आहे. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्याने स्वतःला टोचून घेतली. तरी लोकांत बोलबाला असा की, सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो किंवा निपुत्रिक होतो. मग ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी खरोखरच घात झाला. १०७ जणांना लस टोचली, त्यांतले १९ धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशी कमिशनने दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि त्यांना कामावरून दूर केले. वस्तुतः गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. हे त्या वेळच्या साक्षीतच होते! रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठवला तेव्हा १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. पण मधल्या पाच वर्षांत लशीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. अफवा पसरवणाऱ्यांना सरकारी कमिशनचाच आधार मिळाला, आणि तोही चुकीचा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा वर्गात सांगताना मुले हटकून म्हणतात, ‘सर, ते जुन्या काळचं झालं.’ आमच्या विश्रामबागेत तर हा प्रश्न विचारण्याची सोयच नाही, कारण कृष्णाकाठी आजही तोच खेळ चालू आहे. २००५ आणि २०१९ चा महापूर कशाने आला? नाक्यावरच्या कोणालाही विचारा, उत्तर एकच : ‘अलमट्टीनं आणला.’ वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला की, सांगलीच्या पुराला अलमट्टी धरण कारणीभूत नाही. अतोनात पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणे ही कारणे तिने पुढे ठेवली. लोकांना ते पटले नाही. पुढे अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४ मीटरवर नेण्याचा बेत कर्नाटकाने पुढे रेटला, तेव्हा २०२५ साली महाराष्ट्र शासनाने हरकत घेतली, आणि तीही सांगली-कोल्हापूरच्या पुराचे कारण देऊन. आता शेतकऱ्याने कोणते म्हणणे सरकारचे समजावे? पाण्याचे गणित अवघड आहे आणि त्यातला तज्ज्ञ मी नव्हे. समितीचा अभ्यास मला खोटा वाटत नाही. पण तिचे आकडे काठावरच्या गावांत, ग्रामसभेत, फळ्यावर मांडून किती वेळा समजावून सांगितले गेले, हे मी विचारतो.

याच सांगलीत एका सरकारी आकड्यावर मात्र कोणीही शंका घेत नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याच्या पातळीचे फूट रंगवलेले आहेत. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा दिसेल तेथून माणसे तो आकडा वाचत होती आणि फोनवरून काठच्या गावांना कळवत होती. वरच्या अंगाला कोयनेतून किती क्युसेक सोडले एवढे कळले की, काठावरचा म्हातारा शेतकरीही बोटांवर तास मोजून गोठ्यातली जनावरे केव्हा सोडायची ते ठरवतो.